घंटाबाईचं मानपत्र

५ नोव्हेंबर

माझा पत्ता वाटत सुटायला तुला कोणी सांगितलं होतं? वर्षातून एकदा पत्र लिहितेस, त्यात हवापाणी आणि "गोळ्या वेळेवर घे" यापलीकडे काही नसतं. आणि त्या लोकांना मात्र माझी गल्ली, मजला, दाराचा रंगसुद्धा कळवलास. काल दुपारी पोस्टमन जाडजूड पाकीट देऊन गेला. तुझ्या वहिनीनं ते माझ्याआधी फोडलं. माझ्या नावाचं पाकीट आलं म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं तिचं गणित आहे. कोणी गेलेलं नाही म्हटल्यावर जरा हिरमुसली.

मुलीस आशीर्वाद. तुझं अंग बरं असेल, पाण्याच्या टाकीवरचं तुझं पाणी तपासायचं काम नीट चाललं असेल, असं धरून चालते.

पाकिटात काय, तर तुझा दहावीचा वर्ग चौतीस वर्षांनी जमतोय. शाळेच्या हॉलमध्ये, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. "आमच्या लाडक्या घंटाबाईंनी अगत्यानं यावं." खाली सही त्या ढापण्याची, तुमचा वर्गप्रमुख होता तो. चष्मा सांभाळता सांभाळता जिन्यावरून पडायचा, तो आता चष्म्याचं दुकान चालवतो म्हणे. त्यानं तुझं वाक्यही उतरवून पाठवलंय. "मला येता येणार नाही, माझ्या जागी आईला बोलवा."

तुझ्या जागी म्हणजे काय ग? मी त्या शाळेत एकोणतीस वर्षं घंटा दिली, माठ भरले, फळे पुसले. तिसरीनंतर वर्गात मी कधी बाकावर बसले नाही, झाडायला गेले तेवढीच. तुझी वहिनी म्हणते, "शिपाईबाईला कोण बोलावतं असं? नशीब काढलंत." तिला काय कळतंय.

नोकरी सुटल्यापासून मी त्या रस्त्यानं जात नाही. बाजाराला जायचं तर एक थांबा आधी उतरते आणि लांबून जाते. गुडघे दुखतात तरी जाते. तेव्हा रविवारी जायचा प्रश्नच नाही. तुला त्या कागदाबद्दल काही बोलायचं असेल तर मला लिही. ढापण्याला मध्ये घालू नकोस.

तुझी आई


१९ नोव्हेंबर

तुझं पत्र मिळालं. "जा. काय झालं ते लिही." पाच शब्द. पोस्टाचं तिकीट तरी वसूल होईल एवढं लिहायचं होतंस.

जाते. मला हौस नाही, पण तुझ्या वहिनीनं सगळ्या मजल्यावर सांगून ठेवलंय, आता नाही म्हटलं तर मला चालवत नाही अशी बातमी होईल. तुझा भाऊ चालवतो त्याच बसनं सोडणार आहे. पुढच्या सीटवर बसवतो म्हणाला. तुझी भाची माझे ठेवणीतले कपडे उन्हात टाकून आली आणि विचारते, "आजी, आत्याच्या वर्गात आत्या का नाही येणार?" मी म्हटलं, तिला रजा नाही. ती म्हणाली, रविवारी? दहा वर्षांची आहे. तुझ्यावर गेली आहे, नको तिथे डोकं चालतं.

आई


८ डिसेंबर

काय झालं ते लिही म्हणाली होतीस, लिहिते.

हॉलला नवा रंग दिलाय, तोच पिवळा, फक्त जास्त पिवळा. बाकांच्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तुझा वर्ग बघितलास तर ओळखणार नाहीस. मुलं टकली झाली, मुली रुंद झाल्या. सगळे एकमेकांच्या पोटांवर बोलत होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "तू तर मागच्या बाकावर बसायचास ना?" तो म्हणाला, "अजून तिथेच आहे, बाक तेवढा बदलला." असं सगळं. मला पहिल्या रांगेत बसवलं. घंटा मलाच द्यायला लावली. ती आता भिंतीला टांगून ठेवलीय शोभेला, टोल द्यायला मला स्टुलावर चढवलं, दोन्ही बाजूंनी दोघं धरून उभे. मी तीन टोल दिले तर सगळे हसले, कारण तीन म्हणजे सुट्टी आणि अजून जेवण यायचं होतं.

हेडसर आले होते. नव्वदी गाठलीय, चाकाच्या खुर्चीत असतात, कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. जेवण बरं होतं, भाजी तिखट होती. मला एक फ्रेम दिली, काचेची, आत काहीतरी छापलंय, अक्षर बारीक आहे, वाचलं नाही. तुझ्या बाकावर शेजारी बसायची ती काडीसारखी, जिला तुम्ही टाचणी म्हणायचात, ती भेटली. दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर असते. जरा हळवी आहे, रडली वगैरे. माणसं जमली की एखादी रडतेच.

तुझी आठवण निघाली होती. सगळे बरे आहेत. मी दमले.

आई


२१ डिसेंबर

तुझ्या पत्रात एकच शब्द होता. "एवढंच?"

मी ते पत्र सहा दिवस गादीखाली ठेवलं. आज काढलं.

नाही, एवढंच नाही.

फ्रेममध्ये काय लिहिलंय ते मी हॉलमध्येच वाचलं. जाड ठळक अक्षर आहे, आंधळ्यालाही दिसेल. "कर्तव्यापुढे पोटच्या मुलीचीही गय न करणाऱ्या आमच्या घंटाबाईंना, प्रामाणिकपणाबद्दल, कृतज्ञ विद्यार्थ्यांकडून." हेडसरांनी खुर्चीतून भाषण केलं. म्हणाले, मी पस्तीस वर्षं मुख्याध्यापक होतो, पण खरा प्रामाणिकपणा शिकलो तो एका तिसरी पास बाईकडून. तिच्या मुलीनं पेपर चोरला, तर त्या बाईनं सगळ्या वर्गादेखत मुलीच्या मुस्काटात मारली, माझ्यासमोर हात जोडून म्हणाली, माझ्या मुलीला काय शिक्षा द्यायची ती द्या. हे ते म्हणे निवृत्त झाल्यावरही दर वर्षी शाळेत येऊन नव्या मुलांना सांगायचे. चौतीस वर्षं ग. दर वर्षी जून महिन्यात, कोवळ्या कोवळ्या मुलांना. मी वर्गात नसायचे, पण तू दर वर्षी तिथे चोर व्हायचीस.

टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले आणि फ्रेम घेतली. घेतली, हे लक्षात घे. कोणी हातात कोंबली नाही.

आता तो कागद. आपण दोघींनी तो कधी तोंडानं काढला नाही. तुला काय झालं ते तुला माहीतच आहे, पण मी काय केलं ते माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस. म्हणून सगळं लिहिते, तुला माहीत असलेलंही.

पूर्वपरीक्षेचे पेपर जिन्याखालच्या खोलीत सायक्लोस्टाइलवर निघायचे. हँडल मी फिरवायची, हेडसर समोर खुर्ची टाकून कागद मोजायचे. ते काम मला दिलं होतं कारण मला वाचता येत नाही असं त्यांना वाटायचं. कारकुनावर त्यांचा भरवसा नव्हता, तो शिकलेला. माझ्यादेखतच म्हणायचे, "यांना वाचून काय कळणार." खरंच कळत नव्हतं. पण "इयत्ता दहावी, भूमिती" एवढं मी अक्षर लावून वाचू शकत होते, आणि त्रिकोण कोणालाही ओळखू येतो. सुरुवातीचे पाच कागद डागाळून निघायचे. ते मागच्या पिंपात जाळून टाकायचे, असा नियम. त्या दिवशी मी चार जाळले.

तू सगळ्यात पहिली आणि भूमितीत कच्ची. आठवडाभर कंपासपेटी उघडून बसायचीस आणि नाक ओढायचीस. मी पाचवा कागद संध्याकाळी तुझ्या वहीत ठेवला, मधोमध. तुला बोलले नाही. मनात असं की तू वही उघडशील, बघशील आणि गप्प बसशील. मग मी दिला असं मला म्हणावं लागणार नाही, आणि तू घेतला असं तुला. मी अशी हुशार.

तू वही उघडलीच नाहीस. सकाळी पहिल्या घंटेआधी टाचणीनं उतरवून घ्यायला मागितली, तू तशीच दिलीस. तिच्या हातून कागद खाली पडला, ती घाबरली आणि सरळ हेडसरांकडे गेली.

त्यांनी मला वर्गात बोलावलं. विचारलं, "खोलीची किल्ली कोणाजवळ असते?" मी म्हटलं, माझ्याजवळ, कमरेला. "मग हा कागद बाहेर आला कसा?" मी म्हटलं, "मी झोपले असताना हिनं किल्ली काढून नेली असेल." असं म्हणाले मी. हे शब्द माझे. आणि तू माझ्याकडे बघितलंस, तेव्हा मला कळलं की तुला कळलं, म्हणून मारलं. शाळेत सगळे म्हणतात तसं चोरीसाठी नाही मारलं. तुझं तोंड उघडायच्या आत बंद व्हावं म्हणून मारलं. सकाळीच पुढचा पेपर काढायला घेतला होता, हाताला सायक्लोस्टाइलची ओली शाई होती, माझी चार बोटं तुझ्या गालावर निळी उमटली. सगळ्या वर्गानं पाहिली.

तू काही बोलली नाहीस. तेव्हाही नाही, तुझं नाव शाळेतून कमी केलं तेव्हाही नाही, मामाकडे जाताना बसमध्ये बसलीस तेव्हाही नाही. तुझे वडील अंथरुणाला खिळलेले, राहायची खोली शाळेची, नोकरी गेली असती तर सगळेच रस्त्यावर आलो असतो, ही कारणं मला पाठ आहेत. मी ती स्वतःला रोज ऐकवते. तुला ऐकवणार नाही. सकाळी नोकरी वाचवली आणि दुपारी जेवलेही, हे तेवढं सांगते. भूक लागली होती.

पण हे सगळं जुनं झालं. तुला लिहायला लाज वाटतेय ती गोष्ट नवीन आहे, दोन आठवड्यांची.

जेवण झाल्यावर टाचणीनं मला हात धुवायच्या जागेजवळ गाठलं. केस पांढरे, पण तशीच काडी. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "मावशी, मी तो कागद हेडसरांना नेऊन दिला नसता तर तिचं आयुष्य असं झालं नसतं. तिचा पहिला नंबर यायचा आणि माझा दुसरा. मी घाबरले होते हे खरं, पण थोडा आनंदही झाला होता मला. तो आनंद मला चौतीस वर्षं खातोय. तिला पत्र लिहायला चार वेळा बसले, हात चालला नाही. तुम्ही तरी मला माफ करा."

आणि मी केलं.

ऐकतेस ना? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे ग. लहान होतीस तू. मी मनातून कधीच काढून टाकलं." ती माझ्या खांद्यावर रडली. मी तिची पाठ थोपटली. बगलेत ती फ्रेम होती.

त्या बाईनं काही केलं नव्हतं. तिनं जे समोर आलं ते नेऊन दिलं. माझं पाप तिनं चौतीस वर्षं वाहिलं, आणि मी ते तिला वर माफ करून परत दिलं. मार खाल्लास तो तू, पण हे मारापेक्षा वाईट आहे असं मला आता वाटतं. तो घाबरून झाला होता. हे मी शांतपणे, पोटभर जेवून केलं.

घरी आल्यावर तुझ्या वहिनीनं फ्रेम बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर टांगली. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवते. काल तुझी भाची त्याखाली उभी राहून म्हणाली, "आजी, म्हणजे आत्या चोर होती?"

मी म्हटलं, "खाली उतर, पडशील." ती खुर्चीवर चढली नव्हती. जमिनीवरच उभी होती.

पुढे काय करायचं ते मला माहीत आहे. तू सांगू नकोस.

आई


४ जानेवारी

आधी तुझ्या भाचीला सांगितलं, कारण ती सगळ्यात लहान आणि तिच्यासमोर सगळ्यात कठीण. भांडी पुसताना सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग मार तुला पडला का?" मी म्हटलं, नाही. "का?" म्हटलं, मी मोठी होते म्हणून. त्यावर तिनं बशी एवढी पुसली, एवढी पुसली, की मला हातातून काढून घ्यावी लागली.

तुझ्या वहिनीनं दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "आता मी मजल्यावर काय सांगू?" मी म्हटलं, तेच, पण खरं. दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. घरात शांतता होती, तेवढाच फायदा.

मग फ्रेम उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ढापण्याच्या दुकानात नेली. तो एका गिऱ्हाइकाला चष्मा लावून बघत होता. म्हणाला, "मावशी, काच फुटली का? बसा, बदलून देतो." मी म्हटलं, काच चांगली आहे, आतलं खोटं आहे. सगळं सांगितलं, गिऱ्हाईक बसलेलं असतानाच. चष्मा अर्धा नाकावर, आणि तो माणूस हलेना. ढापण्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मावशी, झालं ते झालं, आता कशाला उकरता? सगळे किती खूश होते. मी आता पस्तीस जणांना काय कळवू?" मी म्हटलं, "मी सांगितलं तेच कळव. मुलीनं चोरलं नव्हतं, आईनं काढलं होतं, आणि आईनंच तिला पुढे केलं. तेवढंच. शुद्धलेखन तुझं चांगलं आहे." त्यानं लिहून घेतलं. निघताना विचारलं, "तिला माहीत होतं?" मी म्हटलं, पहिल्या क्षणापासून. मग तो गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा काढून पुसत बसला.

हेडसरांकडे अजून गेले नाही. त्यांना प्रत्येक शब्द ओरडून सांगावा लागतो, आणि हे ओरडून सांगायला जी छाती लागते ती मला अजून झालेली नाही. जाईन. इथे लिहून ठेवलंय म्हणजे आता जावंच लागेल.

टाचणीकडे काल गेले. तिचा दवाखाना मोठा, औषधाच्या खिडकीपुढे रांग दारापर्यंत. मला वाटलं होतं, एकटी गाठावी. मग वाटलं, तुला कुठे एकटीला गाठलं होतं मी? तुझ्यापुढे चाळीस जण होते. रांगेत उभी राहिले. पाऊण तास लागला. माझ्या मागे एक खोकणारा म्हातारा, त्याच्यामागे पोर घेतलेली बाई.

खिडकीतून टाचणी मान वर न करता म्हणाली, "चिठ्ठी?"

मी म्हटलं, "चिठ्ठी नाही. सांगायचं आहे."

तिनं वर बघितलं आणि हसली. "मावशी, तुम्ही? आत या ना, बसायला जागा आहे."

मी म्हटलं, इथेच बरं. आणि सांगितलं. मशीन, पाचवा कागद, वही, किल्ली. लांबवलं नाही. तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती आणि कात्री होती, तीन-तीन गोळ्या कापून पुड्यांत घालत होती. माझ्या बोलण्यात कात्री कुठे थांबली ते मला कळलं नाही. मागचा म्हातारा म्हणाला, "आजी, उरका, घरचं गाऱ्हाणं घरी." मी वळून म्हटलं, "खोका तुम्ही, मी आलेच."

टाचणी म्हणाली, "त्या रविवारी हॉलमध्ये मी तुमच्यासमोर रडत होते, तेव्हा हे सगळं तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही मला म्हणालात, माफ केलं."

"हो."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून."

मी मान हलवली.

तिनं खिडकीचं दार ओढून घेतलं. रांगेत गलका झाला. सगळे मला म्हणाले, काय केलंत हो, आमचा नंबर होता. एका बाईनं तर माझा खांदा धरून बाजूला केलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. निघून जाता आलं असतं. एकदा तिथून गेले असते तर परत आले नसते, एवढं स्वतःला ओळखते.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिचं तोंड धुतलेलं होतं. म्हाताऱ्याला औषध दिलं, बाईला दिलं, रांग संपेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. मग एक कोरी पुडी आणि पेन खिडकीतून पुढे सरकवलं. म्हणाली, "तिचा पत्ता लिहा."

मी म्हटलं, तो ढापण्याकडे आहे.

"माहीत आहे मला कोणाकडे आहे तो. तुम्ही लिहा."

मी लिहिला. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, एकेक काना लावायला वेळ लागतो, आणि पुडीचा कागद बुळबुळीत. ती उभी राहून बघत होती. तुझं नाव चुकलं, खोडून पुन्हा लिहिलं, ते तिनं पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं नाही. मी तिच्याकडे माफी मागितली नाही. मागितली असती तर ती काहीतरी बोलली असती, आणि तिच्याकडून एक शब्दही काढून घ्यायचा मला हक्क नव्हता. तुझ्याकडेही मागत नाही. मागणं म्हणजे परत तुझ्याच माथी काम देणं.

मी वळले तर मागून म्हणाली, "मावशी, तिनं त्या दिवशी माझं नावही घेतलं नाही. वही माझ्याकडे होती, कागद मीच घातला असेल असं ती म्हणू शकली असती. ती तेच म्हणेल म्हणून मी वाट बघत होते." मग म्हणाली, "मला वाटायचं तिनं मला वाचवलं. आता कळतंय ती कोणाला वाचवत होती." आणि खिडकी लावली. वेळ संपली होती तिची.

हे मला चौतीस वर्षांत सुचलं नव्हतं. मला वाटायचं, तू रागानं गप्प राहिलीस.

आता तुला सांगायचं ते. टाचणीचं पत्र या आठवड्यात येईल. लांबलचक असेल, रडून लिहिलेलं असेल, तुला कंटाळा येईल. पूर्ण वाच. आणि तिला उत्तर तू लिहायचं, तुझ्या हातानं, पाच शब्दांत नाही. तिला जोवर ते मिळत नाही, तोवर मला एक ओळही लिहू नकोस. पत्र आलं तरी मी फोडणार नाही.